काळजी केंद्रातल्या ज्येष्ठांचा मधुमेह: आधी 'लो' सांभाळा

पन्नाशीतल्या माणसाचे मधुमेहाचे नियम जसेच्या तसे ऐंशीच्या आजींना लावले की घोळ होतो. पन्नाशीत साखर घट्ट आवळून धरण्याचा फायदा दहा-पंधरा वर्षांनी डोळ्यांत, मूत्रपिंडांत, नसांत दिसतो. चालायला आधार लागणाऱ्या, विसर पडू लागलेल्या, चार-पाच आजार सोबत असलेल्या माणसाच्या वाट्याला तो फायदा येईलच असं नाही. तोटा मात्र आज रात्रीच होऊ शकतो. पहाटे साखर ४५ वर उतरली, आजोबा तशातच बाथरूमला उठले, पडले आणि खुब्याचं हाड मोडलं, की सहा महिन्यांच्या उत्तम आकड्यांचा काही उपयोग उरत नाही.

म्हणून केंद्रात पहिलं काम म्हणजे साखर खाली घसरू न देणं, म्हणजेच 'लो' होऊ न देणं. लघवीवाटे पाणी जाऊन शरीर कोरडं पडेल इतकी ती चढू न देणं हे दुसरं. या दोन टोकांच्या मधली जागा चांगली ऐसपैस आहे आणि बहुतेक रहिवाशांनी तिथेच राहावं. औषध बदलायचा निर्णय डॉक्टरांचा, पण डॉक्टर येतात अधूनमधून. बाकीचे सगळे तास परिचारिका, काळजीवाहक आणि स्वयंपाकघर यांच्या हातात असतात. हे लिखाण त्यांच्यासाठी आणि विचारपूस करणाऱ्या नातेवाइकांसाठी आहे.

आकडे किती असावेत

इथले सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत. मीटर मिलिमोलमध्ये दाखवत असेल तर त्याला १८ ने गुणायचं.

अमेरिकन डायबिटीस असोसिएशनच्या मार्गदर्शनाचा सारांश असा: बरेच आजार असलेल्या किंवा रोजच्या कामांत मदत लागणाऱ्या ज्येष्ठांसाठी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी) ८ टक्क्यांच्या खाली, उपाशीपोटी ९० ते १५० आणि झोपताना १०० ते १८०. मध्यम किंवा तीव्र स्मृतिभ्रंश असलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या किंवा एखादा अवयव निकामी होत आलेल्या व्यक्तीसाठी एचबीए१सीच्या मागे लागूच नये. उपाशीपोटी १०० ते १८० आणि झोपताना ११० ते २०० चालतं. केंद्रातल्या बहुतेकांसाठी '१०० ते २००' एवढं लक्षात ठेवलं तरी पुरतं.

एचबीए१सी या वयात हमखास फसवतो. तो तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटलेल्या साखरेवरून काढतात आणि पेशी साधारण १२० दिवस जगते असं त्यात गृहीत धरलेलं असतं. रक्त चढवलेलं असेल, नुकताच रक्तस्राव झाला असेल, मूत्रपिंडाच्या आजारात एरिथ्रोपोएटिन (तांबड्या पेशी वाढवणारं इंजेक्शन) चालू असेल तर तो खोटा कमी येतो. लोहाच्या कमतरतेत खोटा जास्त. शिवाय ती सरासरी आहे. सकाळी ५० आणि संध्याकाळी ३०० असलेल्या माणसाचा अहवालसुद्धा छान दिसतो. इन्सुलिनवर किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळीवर असलेल्या ८४ वर्षांच्या आजींचा एचबीए१सी ६.२ आला तर शाबासकी देऊ नका, डॉक्टरांना औषध कमी करायचं का ते विचारा.

नवीन रहिवासी येतो तो पहिला आठवडा

सगळ्यात जास्त गडबड याच आठवड्यात होते, आणि तिचं कारण साधं असतं. घरी आजोबा चार गोळ्यांपैकी दोन विसरत, कधी इन्सुलिन टाळत, मधेच काहीतरी गोड तोंडात टाकत. साखर चढी राहिली म्हणून डॉक्टरांनी डोस वाढवत नेला. आता केंद्रात सगळ्या गोळ्या वेळेवर आणि पूर्ण मिळतात, जेवण मोजकं मिळतं, आणि तिसऱ्या दिवशी साखर ५५. चिठ्ठी बरोबर असते, पण त्या चिठ्ठीप्रमाणे औषध आजवर कुणी घेतलेलंच नसतं. म्हणून नातेवाइकांना 'काय लिहून दिलंय' एवढंच विचारू नका. 'गेल्या महिन्यात खरंच किती घेतलं' हे विचारा. उरलेल्या पाकिटांतल्या गोळ्या मोजल्या तर उत्तर अधिक खरं मिळतं.

पहिल्या दिवशी नोंदवायच्या गोष्टी: मधुमेह टाइप १ की टाइप २, शेवटचा डोस कोणता आणि किती वाजता, साखर लो होऊन कधी बेशुद्धी आली होती का, गिळायला त्रास आहे का, वजन, मूत्रपिंडाच्या कामाचा ताजा आकडा म्हणजे ईजीएफआर, पायांची तपासणी, आणि जखम असेल तर तारखेसह फोटो. टाइप १ असेल तर फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहा, कारण त्या माणसाचं बेसल इन्सुलिन (जेवणाशी न जोडलेलं, दिवसभर हळूहळू काम करणारं) कुठल्याही कारणाने पूर्ण थांबवायचं नसतं.

रुग्णालयातून आलेल्यांच्या कागदांत आणखी एक सापळा असतो. तिथे आजारपणात 'साखर बघून इन्सुलिन' असा तक्ता सुरू केलेला असतो आणि तो तसाच केंद्रात येऊन महिनोन् महिने चालू राहतो. त्याबद्दल पुढे.

औषधाने जेवणाच्या मागे चालायचं

केंद्राचं वेळापत्रक आणि इन्सुलिनचं वेळापत्रक जुळत नाही, यातून जितके लो होतात तितके क्वचितच दुसऱ्या कशाने होत असतील. साडेसातला सिस्टर एका टोकाकडून सुया द्यायला सुरुवात करतात. स्वयंपाकघरात उशीर होतो, ताटं सव्वाआठला येतात. पहिल्या खोलीतल्या आजींच्या अंगात जलद इन्सुलिन पाऊण तास काम करत बसलेलं असतं आणि समोर काही नाही.

लिस्प्रो, ॲस्पार्ट यांसारखं जलद इन्सुलिन जेवणाच्या आधी ० ते १५ मिनिटं द्यायचं. रेग्युलर इन्सुलिन साधारण अर्धा तास आधी. केंद्रात नियम असा ठेवा की ताट त्या व्यक्तीसमोर आल्याशिवाय जलद इन्सुलिनची सुई टोचायची नाही. रेग्युलर असेल तर स्वयंपाकघराकडून नक्की वेळ कळल्यावरच. सोय असेल तर डॉक्टरांकडून रेग्युलरऐवजी जलद इन्सुलिन लिहून घ्या. सामूहिक जेवणाच्या जागी ते जास्त सोयीचं पडतं.

ज्यांच्या खाण्याचा भरवसा नाही, म्हणजे कधी पूर्ण ताट तर कधी दोन घास, त्यांना जलद इन्सुलिन जेवण संपताच द्यावं. त्यासाठी लेखी आदेश हवा, उदाहरणार्थ 'पाऊण ताटाहून जास्त खाल्लं तर पूर्ण डोस, अर्ध्याच्या आसपास खाल्लं तर अर्धा, त्याहून कमी तर नाही.' आकडे डॉक्टर ठरवतील. पण आदेश असा मोजता येणारा हवा. 'खाल्ल्यास द्या' या शब्दांचा अर्थ प्रत्येक शिफ्ट वेगळा लावते.

आणि ताटात किती उरलं हे बघतो कोण? ताटं उचलणारा कर्मचारी. त्याने ती माहिती सिस्टरपर्यंत पोचवली नाही तर बाकीची सगळी व्यवस्था कोलमडते. ताट उचलताना पाव, अर्धं, पाऊण, पूर्ण यांपैकी एक खूण तक्त्यावर करायची आणि मगच ताट धुवायला न्यायचं. याला दहा सेकंदही लागत नाहीत.

सल्फोनिलयुरिया गटातल्या (शरीराला जास्त इन्सुलिन सोडायला लावणाऱ्या) गोळ्याही याच नियमाखाली येतात. ग्लिमेपिराइड दिवसाच्या पहिल्या मुख्य जेवणासोबत, ग्लिपिझाइड अर्धा तास आधी. रहिवासी जेवायलाच तयार नसेल तर ही गोळी हातात ठेवून आधी फोन. बेसल इन्सुलिनचं तसं नाही: एक जेवण चुकलं म्हणून ते आपल्या मनाने बंद करायचं नाही, डोस कमी करायचा का ते विचारायचं.

तपासणीसाठी उपाशी ठेवायचं असेल, दात काढायचे असतील, डायलिसिस असेल, तर आदल्या दिवशीच त्या सकाळच्या औषधांचा लेखी आदेश घेऊन ठेवा.

लो ओळखणं

म्हातारपणी साखर उतरली तरी ती पुस्तकातल्यासारखी दिसत नाही. थरथर, धडधड, भूक ही धोक्याची घंटा वयाबरोबर मंद होते. बीटा-ब्लॉकर (रक्तदाब किंवा हृदयासाठीची, नाडी मंदावणारी गोळी) चालू असेल तर थरथर आणि धडधड जवळजवळ झाकलीच जाते. घाम मात्र येतो. दिसतं ते असं: एरवी शांत असणाऱ्या आजी अचानक चिडतात, घास तोंडात धरून बसतात, शब्द अडखळतात, नजर एकाच ठिकाणी खिळते, चाल डगमगते, दुपारच्या झोपेतून नीट जाग येत नाही. स्मृतिभ्रंश असलेल्यांच्या बाबतीत 'आज मूड नाही वाटतं' म्हणून हे सोडून दिलं जातं. सकाळी उशी किंवा कपडे घामाने ओले असणं, रात्री दचकून ओरडणं, उठल्यावर डोकं दुखणं, यावरून रात्री साखर उतरली असावी असा संशय घ्यायचा.

नियम: वागण्यात अचानक बदल दिसला किंवा कुणी पडलं, तर आधी बोटावर टोचून साखर बघा. पक्षाघाताचा झटका आला की काय, संसर्ग झाला की काय, हे विचार त्यासोबत चालू राहू देत, पण मीटर आधी.

साखर ७० च्या खाली आली की असं करा:

१. माणूस जागा असेल आणि गिळू शकत असेल तर सरळ ताठ बसवा. १५ ग्रॅम ग्लुकोज द्या: ४ ग्रॅमच्या ४ गोळ्या, किंवा मोजलेली १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर अर्ध्या कप पाण्यात. ते नसेल तर ३ ते ४ चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून, किंवा १२० ते १५० मिलिलिटर गोड फळांचा रस. चॉकलेट, आइस्क्रीम, मलईचे पदार्थ नकोत. त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोचते.

२. ॲकार्बोज किंवा व्होग्लिबोज चालू असेल तर साधी साखर लवकर काम करत नाही, कारण ही औषधं तिचं पचनच अडवतात. अशा वेळी फक्त ग्लुकोज.

३. पातळ पदार्थांनी ठसका लागणाऱ्यांना रस किंवा पाणी पाजू नका. ग्लुकोज जेल थोडं थोडं द्या, प्रत्येक वेळी गिळल्याची खात्री करून.

४. घड्याळात १५ मिनिटं लावा. पुन्हा तपासा. अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा १५ ग्रॅम.

५. साखर वर आल्यावर, पुढचं जेवण तासाभराहून लांब असेल तर पिष्टमय पदार्थ आणि थोडी प्रथिनं असलेलं काहीतरी खायला द्या.

६. माणूस बेशुद्ध असेल, झटके येत असतील किंवा गिळत नसेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा, रुग्णवाहिका बोलवा, आदेश असेल तर ग्लुकॅगॉन (यकृतातला साखरेचा साठा मोकळा करणारं औषध) द्या: स्नायूत १ मिलिग्रॅम किंवा नाकातून ३ मिलिग्रॅम. शिरेतून डेक्स्ट्रोज (ग्लुकोजचं द्रावण) द्यायला प्रशिक्षित माणूस हजर असेल तर ते अधिक खात्रीचं. फार कृश किंवा बरेच दिवस नीट न जेवलेल्या माणसाच्या यकृतात साठाच नसतो, तिथे ग्लुकॅगॉन फारसं चालत नाही. दिल्यावर उलटी होऊ शकते, म्हणूनही कुशीवर ठेवायचं.

७. वेळ, आकडा, काय दिलं, आधीचं जेवण, आधीचा डोस हे सगळं लिहा आणि पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांशी बोला. 'साखर आता १३०, सगळं ठीक' म्हणून संध्याकाळचा तोच डोस देणं हा दुसऱ्या 'लो'चा सरळ रस्ता आहे.

आकडा ५४ च्या खाली गेला असेल तर उपचार सुरू करतानाच फोन करायला दुसऱ्याला सांगा. सल्फोनिलयुरियामुळे झालेला लो, विशेषतः मूत्रपिंड कमजोर असताना, २४ ते ४८ तास पुन्हा पुन्हा उलटतो. अशा वेळी एकदा साखर वर आली म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. दर दोन ते चार तासांनी, रात्रीसुद्धा, तपासत राहायचं आणि बहुतेकदा रुग्णालयात ठेवणंच शहाणपणाचं.

घाबरून वाटीभर गोड भरवणं हीही नेहमीची चूक. तासाभरात साखर ३०० वर जाते, मग कुणीतरी ती उतरवायला जादा इन्सुलिन देतं आणि पहाटे पुन्हा लो.

ग्लुकोजच्या गोळ्या, जेल, मीटर, स्ट्रिप्स, ग्लुकॅगॉन आणि वरच्या पायऱ्यांचा कागद असलेली पेटी प्रत्येक मजल्यावर ठेवा. कुलूपबंद कपाटात ठेवलेली आणि किल्ली दिवसपाळीच्या खिशात गेलेली पेटी असून नसल्यासारखी.

साखर चढते तेव्हा

तरुणपणी साखर १८० च्या वर गेली की ती लघवीत उतरते आणि माणूस सारखा पाणी पितो. वय वाढलं की मूत्रपिंडाचा हा उंबरठा वर सरकतो आणि तहानही मंदावते. त्यामुळे लघवीच्या पट्टीवर विसंबू नका आणि आजींनी पाणी मागितलं नाही म्हणजे त्यांना तहान नाही असंही समजू नका.

भीती असते ती साखर ६०० च्या वर जाऊन शरीर पार कोरडं पडण्याची. हे एका रात्रीत होत नाही, काही दिवस शिजत असतं. मागे बहुतेकदा न्यूमोनिया, लघवीचा संसर्ग किंवा नव्याने सुरू झालेलं स्टेरॉइड असतं. सुस्ती, कोरडी जीभ, जलद नाडी, नव्याने कपड्यांत लघवी होणं, घसरलेलं वजन ही चिन्हं. मीटरवर आकड्याऐवजी 'हाय' दिसलं तर पुन्हा एकदा हात धुऊन तपासा, तेच आलं तर लगेच डॉक्टरांना फोन. सोबत गुंगी किंवा उलट्या असतील तर थेट रुग्णालय.

उलट्या, जुलाब, ताप, जेवण बंद अशा दिवसांत दर ४ तासांनी साखर बघा आणि दर तासाला थोडं थोडं पाणी द्या (हृदय किंवा मूत्रपिंडासाठी पाण्याची मर्यादा घातली असेल तर डॉक्टरांना विचारून). मेटफॉर्मिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन, डापाग्लिफ्लोझिन या गटातली औषधं अशा दिवसांत थांबवायची असतात, त्यासाठी कायम लागू राहणारा लेखी आदेश आधीच घेऊन ठेवा. लघवी वाढवणाऱ्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांबद्दलही विचारा. 'फ्लोझिन' औषधांची एक खोड लक्षात असू द्या: साखर २०० च्या आसपास असतानाही रक्तात आम्ल साठू शकतं. मळमळ, पोटदुखी, जलद खोल श्वास दिसला तर आकडा बरा आहे म्हणून थांबू नका, कीटोन (म्हणजे हेच आम्ल) तपासून घ्या.

सकाळी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड घेणाऱ्यांची उपाशीपोटीची साखर चांगली आणि दुपारनंतरची भडकलेली असते. त्यांना रात्रीच्या जेवणाआधी तपासा, आणि स्टेरॉइड कमी होईल तसं इन्सुलिनही कमी करायला लावा. हे दुसरं काम सगळे विसरतात.

डॉक्टरांना कधी कळवायचं

हा भाग कागदावर काढून नोंदवहीच्या आतल्या पानावर चिकटवा. लगेच: ७० च्या खाली, किंवा मीटरवर 'हाय'. शक्य तितक्या लवकर, त्याच दिवशी: ७० ते १०० च्या मधले आकडे (डोस कमी करायची वेळ आलेली असू शकते), चोवीस तासांत सतत २५० च्या वर आणि हे त्या व्यक्तीसाठी नवीन असेल तर, दोन दिवस सलग ३०० च्या वर, उलट्या, जेवण बंद, किंवा चढ्या साखरेची लक्षणं. फोन करताना एकच आकडा सांगू नका. गेल्या तीन दिवसांचे आकडे, खाणं, वजन, नवीन औषध आणि तापमान समोर घेऊन बसा. नवीन प्रतिजैविक सुरू झालं असेल तर आवर्जून सांगा: सल्फोनिलयुरियासोबत लिव्होफ्लॉक्सासिन, को-ट्रायमॉक्साझोल किंवा क्लॅरिथ्रोमायसिन आलं की साखर धाडकन उतरू शकते.

'बघून इन्सुलिन' आणि ते कसं सोडवायचं

दर जेवणाआधी साखर बघायची, १५०-२०० असेल तर दोन युनिट, २००-२५० असेल तर चार, असा नुसता तक्ता म्हणजे साखर चढून गेल्यावर तिच्या मागे धावणं. दिवसाला चार वेळा टोचून घ्यावं लागतं आणि साखर वरखाली होत राहते. दीर्घकाळासाठी फक्त अशा तक्त्यावर ज्येष्ठांना ठेवू नये, असं अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीचे बीअर्स निकषही (ज्येष्ठांना टाळायच्या औषधांची यादी) सांगतात.

टाइप २ असलेल्यांची इन्सुलिनची भानगड सोपी करायचा एक मान्य मार्ग आहे. तो डॉक्टरांपुढे ठेवता येतो. झोपतानाचं बेसल इन्सुलिन सकाळवर आणायचं, म्हणजे त्याचा जोर मध्यरात्री पडत नाही. मग उपाशीपोटीचे आकडे आठवडाभर बघायचे, लक्ष्य ९० ते १५०. निम्मे किंवा जास्त आकडे वर असतील तर २ युनिट वाढ. दोनहून जास्त आकडे ८० च्या खाली असतील तर २ युनिट कपात. जेवणाचं इन्सुलिन दर वेळी १० युनिट किंवा कमी असेल तर ते बंद करून त्याजागी गोळी बसते का बघायचं. जास्त असेल तर निम्मं करून हळूहळू तिकडेच जायचं. तोवर जेवणाआधी २५० च्या वर असेल तर २ युनिट, ३५० च्या वर ४, एवढाच छोटा तक्ता. झोपताना जलद इन्सुलिन द्यायचंच नाही.

गोळ्यांपैकी ग्लायबेनक्लामाइड या वयात नकोच. ती लांबवर रेंगाळते आणि लांबलेले लो करते. मेटफॉर्मिन चांगलं औषध, पण ईजीएफआर ३० च्या खाली गेला की बंद, ३० ते ४५ मध्ये डोस कमी. भूक मंदावत असेल, वजन घटत असेल तर पुनर्विचार, आणि बरीच वर्षं चालू असेल तर बी१२ तपासणं. लिनाग्लिप्टिनला मूत्रपिंडासाठी डोस बदलावा लागत नाही, सिटाग्लिप्टिनला लागतो. पायोग्लिटाझोनमुळे पायांवर सूज येते, हाडं ठिसूळ होतात. वजन उतरवणारी जीएलपी-१ इंजेक्शनं लठ्ठ माणसासाठी वरदान असतील. ४२ किलोच्या आजींना ती द्यायची नसतात.

सुई, पेन, मीटर

बोट कोमट पाण्याने आणि साबणाने धुऊन पूर्ण कोरडं करा. फळ सोललेल्या बोटावर ९० ची साखर २५० दिसू शकते. बोटाच्या टोकावर नाही, बाजूला टोचा. रोज वेगळं बोट. स्ट्रिप्सच्या डबीचं झाकण लगेच लावा, दमट हवेत त्या खराब होतात.

टोचायचं उपकरण दोन माणसांत कधीही वापरायचं नाही, सुई बदलली तरी नाही. अशा सामायिक उपकरणांतून काळजी केंद्रांत हिपॅटायटिस बी पसरल्याच्या नोंदी आहेत. एकदाच वापरून आपोआप आत जाणारी लॅन्सेट (बोट टोचायची सुई) सर्वांत बरी. इन्सुलिन पेनलाही हेच लागू: रक्ताचा अंश नळीत मागे जातो, म्हणून एक पेन, एक माणूस. नाव पेनच्या अंगावर लिहा, टोपणावर नाही, टोपणं बदलतात.

पेनने आधी २ युनिट हवेत सोडून थेंब दिसतो का बघा. ४ मिलिमीटरची सुई सरळ. फार कृश अंग असेल तर चिमटीत हलकेच धरून. बटण पूर्ण दाबल्यावर दहापर्यंत मोजा, मग सुई काढा. दुधाळ इन्सुलिन हातात दहा वेळा लोळवा आणि दहा वेळा वरखाली करा, जोराने हलवू नका. जागा रोज बदला, आधीच्या जागेपासून बोटभर अंतरावर. कातडीखाली गाठ लागली तर तिथे देऊ नका. गाठीतून इन्सुलिन कधी कमी, कधी एकदम जास्त शोषलं जातं. गाठ सोडून निरोगी जागी द्यायला लागलात की तोच डोस जास्त काम करतो, म्हणून आधी डॉक्टरांना कळवा.

बाटलीतलं इन्सुलिन वापरत असाल तर बाटलीवर ४० लिहिलंय की १०० (दर मिलिलिटरमागे युनिट) ते बघून तीच सिरिंज घ्या. १०० च्या बाटलीतून ४० च्या सिरिंजने भरलं तर अडीचपट डोस जातो. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत, गोठू न देता. उघडलेलं बहुतेक इन्सुलिन थंड खोलीत २८ दिवस. उघडल्याची तारीख लगेच लिहा.

बेसलच्या जागी चुकून जलद इन्सुलिन गेलं तर लपवालपवी नको. ताबडतोब खायला द्या, डॉक्टरांना फोन करा, पुढचे ४ ते ५ तास दर १५-३० मिनिटांनी साखर बघा.

ताट आणि वजन

'मधुमेही ताट' म्हणून बेचव, अपुरं जेवण देणं ही केंद्रांतली जुनी सवय आहे आणि ती सोडलेली बरी. या वयात दोन किलो घटणं हे साखर २२० होण्यापेक्षा वाईट. सगळ्यांचं तेच जेवण द्या. फक्त पिष्टमय पदार्थांचं प्रमाण रोज त्या-त्या जेवणाला साधारण सारखं ठेवा आणि गोड पेयं टाळा. प्रथिनं रोज किलोमागे किमान १ ते १.२ ग्रॅम, मूत्रपिंडाचा आजार असेल तर आहारतज्ज्ञाला विचारून. महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के वजन घटलं तर डॉक्टरांना कळवा. वजन उतरलं की औषधाचा जुना डोस जास्त होतो.

नळीने आहार चालू असेल आणि नळी निघाली किंवा पंप बंद पडला, तर अंगातलं इन्सुलिन थांबत नाही. लगेच साखर बघा, फोन करा. आहार लवकर सुरू होणार नसेल तर बहुधा शिरेतून १० टक्के डेक्स्ट्रोज लावावं लागतं.

पाय

आंघोळीनंतर रोज, चांगल्या उजेडात: तळवा, टाचा, बोटांच्या बेचक्या. संवेदना गेलेली असते, म्हणून दुखत नाही हा पुरावा नाही. मोज्यावरचा डाग, एका पायाची ऊब, लाली, वास, बोटांमधली ओल बघा. मलम तळव्याला, बेचक्यांत नाही. पाय पाण्यात भिजवत ठेवायचे नाहीत, गरम पाण्याची पिशवी नाही. पडून असणाऱ्यांच्या टाचा गादीला टेकू नयेत म्हणून उशी पोटरीखाली, टाच हवेत. जखम दिसली की त्याच दिवशी दाखवा. वर्षातून एकदा संवेदना, डोळे आणि दात, लसी वेळेवर.

शेवटच्या दिवसांत

आयुष्याचे शेवटचे महिने आलेत हे नातेवाईक आणि डॉक्टर दोघांनी मान्य केलं की एचबीए१सी बंद, कोलेस्टेरॉलच्या तपासण्या बंद. साखर इतकीच सांभाळायची की लो होणार नाही आणि तहान, वारंवार लघवीचा त्रास होणार नाही. खाणं-पिणं थांबल्यावर टाइप २ असलेल्यांची मधुमेहाची सगळी औषधं बहुधा थांबवता येतात आणि बोटं टोचणंही. टाइप १ असेल तर डॉक्टर सहसा थोडं बेसल इन्सुलिन दिवसातून एकदा चालू ठेवतात, कारण ते पूर्ण थांबलं तर आम्ल साठून उलट्या आणि धाप सुरू होते. त्यासोबत दिवसातून एखाद्या वेळेपेक्षा जास्त तपासायची गरज सहसा पडत नाही. हा निर्णय तारखेसह फाइलमध्ये लिहून ठेवा, नाहीतर रात्रपाळीची नवी सिस्टर २९० बघून जुन्या तक्त्याप्रमाणे इन्सुलिन भरायला घेईल.